तीनशे एकसष्टावी

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फिजिओ घरी आली. पंचविशीतली मुलगी, खांद्याला भलीमोठी बॅग. तिनं माझा पाय पलंगावर सरळ ठेवला, गुडघ्याखालच्या पोकळीत स्वतःचा तळहात सरकवला आणि म्हणाली, "ताई, माझा हात खाली दाबा."

मी दाबला. निदान मला तसं वाटलं. मांडीत काहीच हललं नाही.

"दाबा ना."

"दाबतेय गं."

तिनं माझा हात धरून माझ्याच मांडीवर ठेवला. स्नायू ओल्या मातीसारखा गप्प पडला होता. मी सांगत होते आणि मांडी ऐकत नव्हती. "होतं असं," ती म्हणाली. "गुडघ्याला सूज आली की मांडीला हुकूमच पोचत नाही. तुम्ही दिवसातून चार वेळा, दहा-दहाचे सेट करत राहा. येईल." मी करत राहिले. आठव्या की नवव्या दिवशी गुडघ्याच्या वाटीवर एक बारीकशी थरथर उमटली, झोपलेल्या मांजरीचा कान हलावा एवढीच. "आली बघा!" हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे मी जिना उतरले, पळाले, पुन्हा रॅकेट हातात घेतली. पण त्या थरथरीइतका आनंद कशाचाच झाला नाही.

मी टेनिस हौसेनं खेळायचे, शनिवार-रविवार. एका ड्रॉप शॉटमागे, म्हणजे जाळीलगत हलकेच टाकलेल्या चेंडूमागे, धावत गेले, पाय रोवला, अंग वळलं आणि पाय मात्र वळला नाही. आतून 'टक्' असा आवाज आला. वेदना नंतर आली, आवाज आधी. अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेलं 'एसीएल', हा गुडघ्याच्या ऐन मधोमध तिरका ताणलेला, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा बंध. तो तुटला की सरळ चालता येतं, पण वळता येत नाही. आणि टेनिस म्हणजे तर निव्वळ वळणं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये वाचलेली एक बातमी. फ्रेंच ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर आलेली, जागतिक क्रमवारीत ३६१ वी असलेली बावीस वर्षांची एक फ्रेंच मुलगी तिसरी मानांकित जेसिका पेगुलाला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचली होती. नाव लोईस ब्वासाँ. बातमीत 'अचानक' होतं, 'परीकथा' होतं, 'कालपर्यंत कुणाला माहीतही नसलेली' असं होतं. आणि अगदी शेवटी एक ओळ होती : वर्षभरापूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल फाटलं होतं.

मी त्या ओळीपाशीच थांबले. वर्षभरापूर्वी! म्हणजे गेल्या जूनमध्ये ही मुलगी कुणाच्या तरी तळहातावर गुडघा दाबत होती.

त्यानंतर तिची कारकीर्द मी मागे मागे जात वाचून काढली. ब्वासाँ फ्रान्समधल्या दिजाँ शहरातली. वडील यान ब्वासाँ व्यावसायिक बास्केटबॉलपटू होते, म्हणजे खेळाडूचं शरीर कसं चालतं आणि कसं बिघडतं हे घरात ठाऊक असणार. लहान वयात विलक्षण चमकलेल्या मुलींमध्ये तिचं नाव नव्हतं. महिला टेनिसमध्ये 'उगवती' हा शब्द पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी वापरला जातो. मोनिका सेलेस १९८९ मध्ये पंधराव्या वर्षी पॅरिसला उपांत्य फेरीत पोचली, जेनिफर कॅप्रिआती १९९० मध्ये चौदाव्या वर्षी. २०१९ मध्ये कोको गॉफनं पंधराव्या वर्षी विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्सला हरवलं. त्या हिशेबानं विशी उलटलेली, पहिल्या शंभरात कधीच न आलेली मुलगी उगवती धरली जात नाही. ती 'खेळत असते', एवढंच. तिच्यासारख्या शेकडो जणी खेळत असतात.

त्या कुठे खेळतात, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. सगळ्यात खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा असतात : डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५, डब्ल्यू १००. त्यांच्या वर महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीएच्या स्पर्धा : डब्ल्यूटीए १२५, मग २५०, ५००, १०००, आणि सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम. यातले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, कारण स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. डब्ल्यू १५ जिंकलीत की १५ गुण. त्यासाठी लागोपाठ पाच सामने जिंकायचे, आणि संपूर्ण स्पर्धेची मिळून बक्षिसाची रक्कम १५,००० डॉलर, तीही सगळ्या खेळाडूंत वाटली जाणारी. या पातळीवरची मुलगी स्वतःच विमानाचं सर्वांत स्वस्त तिकीट शोधते, दुसऱ्या खेळाडूबरोबर खोली वाटून घेते आणि सरावाला जोडीदार मिळतेय का ते विचारत फिरते. कोच परवडला तर सोबत असतो, नाहीतर फोनवर. स्टँडमध्ये दोन-चार माणसं. शेजारच्या कोर्टवरचा चेंडू मधेच घरंगळत येतो, खेळ थांबतो, चेंडू परत द्यायचा, पुन्हा सर्व्हिस.

आता दुसरं टोक बघा. ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी गाठली की ७८० गुण मिळतात. ७८० ला १५ नं भागलं तर उत्तर येतं ५२. म्हणजे वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला, एकही दिवस आजारी न पडता, एक डब्ल्यू १५ जिंकली तर पॅरिसच्या एका उपांत्य फेरीइतके गुण झाले. पण तसेही ते होणार नाहीत, कारण एकेरीच्या क्रमवारीत वर्षभरातल्या जास्तीत जास्त १८ स्पर्धाच मोजल्या जातात. १८ गुणिले १५, २७०. खालच्या पायरीवर कितीही धावलं तरी वरची पायरी हाताला लागत नाही. कुठेतरी एक मोठी उडी घ्यावीच लागते, आणि उडी घ्यायला गुडघा धड लागतो.

२०२४ च्या वसंतात ब्वासाँची ती उडी चालू झाली होती. मे महिन्यात सँ मालोची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा तिनं जिंकली. त्या जोरावर ती दीडशेच्या आसपास पोचली. फ्रेंच महासंघानं तिला रोलाँ गॅरोसचं, म्हणजे फ्रेंच ओपनचं, वाइल्ड कार्ड दिलं. पात्रता फेरी न खेळता थेट खऱ्या स्पर्धेत, आयुष्यातला पहिला ग्रँड स्लॅम मुख्य ड्रॉ, तोही घरच्या मातीवर. आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना तिचा गुडघा गेला.

यावर काय लिहावं, मला खरंच कळत नाही. माझा गुडघा गेला तेव्हा माझे शनिवार-रविवार गेले. तिचं सगळंच त्या एका पावलावर होतं. तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली, मे महिना उलटला, पॅरिसमध्ये सामने झाले आणि ही मुलगी पाय उशीवर ठेवून पडून होती.

या दुखापतीची वाट सगळ्यांना जवळपास सारखीच चालावी लागते. तुटलेला बंध शिवून सहसा भागत नाही. स्वतःच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध थोडा कापून घेतात, हाडात बोगदे पाडून तिथे बसवतात. झाडाला कलम करावं तसं. ते कलम जीव धरायला महिने लागतात. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट मला फिजिओनं सहाव्या आठवड्यात सांगितली होती. तोपर्यंत सूज उतरते, चालणं सुधारतं, बरं वाटायला लागतं. नेमकं त्याच सुमाराला कलम सगळ्यात नाजूक असतं, कारण शरीर जुने धागे विरघळवून नवे विणत असतं. "तुम्हाला जेव्हा वाटेल ना ताई, की आता जमेल, तेव्हाच माझं ऐकायचं," ती म्हणाली होती. मी ऐकलं, कारण मला कुठे जायचं नव्हतं. पण एकवीस वर्षांच्या त्या पोरीचा विचार करा. जिच्या बरोबरीच्या मुली दर आठवड्याला कुठे ना कुठे गुण कमावतायत, तिनं कसं ऐकलं असेल? नऊ महिन्यांच्या आत खेळायला परतलं तर गुडघा पुन्हा जायचा धोका बराच वाढतो. आणि उड्या-वळणांच्या खेळांत ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त होते. हे सगळं माहीत असूनही घाई करणाऱ्या कितीतरी खेळाडू आहेत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

कारण क्रमवारीला थांबणं माहीत नाही. तिची आठवण बरोबर बावन्न आठवड्यांची. ज्या सोमवारी गुण खात्यात जमा होतात, पुढल्या वर्षीच्या त्याच सुमारास ते गळून पडतात, मग तुम्ही कोर्टवर असा की इस्पितळात. दीर्घ दुखापतीसाठी 'संरक्षित क्रमवारी'ची सोय आहे, तिचा ठरावीक स्पर्धांच्या प्रवेशापुरता आधार घेता येतो. पण मानांकनाला, गुणांना, पैशाला तिचा उपयोग नाही. ब्वासाँ २०२५ च्या सुरुवातीला परतली ती पुन्हा खालच्या पायऱ्यांवर, दीडशेपासून बरीच खाली घसरल्यावर. मे उजाडल्यावर सँ मालोचं जेतेपदही कागदावरून पुसलं गेलं. गुडघ्याला मात्र सगळं आठवत असतं. माझ्या गुडघ्याला पाऊस यायच्या आदल्या दिवशी आठवतं.

परतल्यावर जगाला तिचं नाव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कशामुळे कळलं, हेही सांगायला हवं. त्या एप्रिलमध्ये रुआँच्या स्पर्धेत समोरच्या खेळाडूनं बाजू बदलताना पंचांकडे तक्रार केली की हिला डिओडरंट लावायला सांगा. मायक्रोफोनमध्ये ते वाक्य सापडलं आणि जगभर फिरलं. त्या खेळाडूनं नंतर माफी मागितली आणि ब्वासाँनं तो प्रकार हलक्यानं घेतला. मला तो घेता आला नाही. वर्षभर घाम गाळून एक मुलगी पुन्हा उभी राहते, आणि बातमी होते ती तिच्या घामाच्या वासाची. सामन्याचा निकाल मी मुद्दाम शोधून काढला. ब्वासाँनं तो ६-०, ६-३ असा जिंकला होता.

आणि मग मे. पुन्हा वाइल्ड कार्ड. गेल्या वर्षी हुकलेलं तेच दार.

पहिल्या फेरीत चोविसावी मानांकित एलिस मेर्टेन्स, तीन सेट. दुसऱ्या फेरीत आन्हेलिना कालिनिना. तिसऱ्या फेरीत तिच्याच देशाची एल्सा जाकमो, आणि हा सामना मला सगळ्यांत जास्त बोलका वाटतो, जरी त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. ६-३, ०-६, ७-५. मधला तो ०-६ बघा. एकही गेम नाही. अशा सेटनंतर माणूस मनातून आवरतं घ्यायला लागतो : 'तिसरी फेरी झाली, पुष्कळ झालं, गुडघा टिकला हेच खूप.' शून्यावर सेट गेल्यावर खुर्चीत बसून टॉवेलनं तोंड पुसायचं आणि पुन्हा बेसलाइनला जाऊन उभं राहायचं, हे मी आठव्या दिवशीच्या त्या थरथरीशी जोडते. काहीही हलत नसताना दाबत राहायचं.

पेगुलाविरुद्धही पहिला सेट गेला. ३-६, ६-४, ६-४. तोवर मी तिचा खेळ नीट पाहायला लागले होते. तिच्या फोरहँडला जबर टॉपस्पिन आहे. चेंडू जाळीवरून भरपूर उंच जातो, पडल्यावर खांद्यापर्यंत उसळतो, आणि समोरचीला एकेक पाऊल मागे ढकलत नेतो. मग ती मागे गेली, की हळूच ड्रॉप शॉट. दुसरी सर्व्हिसही तशीच, उसळून वर येणारी. मधूनच बॅकहँडचा स्लाइस, खाली बसणारा. आजकाल महिला टेनिसमध्ये चेंडू सपाट आणि सुसाट मारणाऱ्या पुष्कळ आहेत. ही मातीवर वाढलेल्या खेळाडूसारखी खेळते, वेळ काढून, उंची बदलून. आणि मातीवर ती घसरत चेंडूपर्यंत जाते. डावा पाय पुढे, लाल धूळ, गुडघा वाकलेला, मग त्याच पायावर भार देऊन परत मध्यावर. प्रत्येक वेळी ती डाव्या पायावर घसरली की माझी बोटं आपोआप स्वतःच्या वाटीवर जायची.

उपांत्यपूर्व फेरीत समोर अठरा वर्षांची मिरा आंद्रेयेवा, सहावी मानांकित, आदल्या वर्षी इथेच उपांत्य फेरी खेळलेली. खरी 'उगवती' म्हणतात ती अशी. पावसामुळे तिथल्या मुख्य, फिलिप शात्रिए कोर्टचं छत बंद होतं आणि आतला आवाज घुमून दुप्पट झाला होता. पहिला सेट टायब्रेकरमध्ये ८-६ असा ब्वासाँनं काढला. दुसऱ्यात आंद्रेयेवा ३-० नं पुढे गेली. तिथून ब्वासाँनं सलग सहा गेम घेतले. आंद्रेयेवानं वैतागून चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, ताकीद मिळाली, आपल्याच लोकांवर ती ओरडली. गर्दी तिच्याशी कठोर वागली, हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या सर्व्हिसची चूक झाल्यावर पंधरा हजार माणसं टाळ्या वाजवतात तेव्हा ते घरच्या खेळाडूवरचं प्रेम असलं, तरी समोरच्या पोरीला ते प्रेम वाटत नसतं. आंद्रेयेवाही उद्या-परवा कुठेतरी एकटीच चालत बाहेर पडणार होती. त्या क्षणी मी ब्वासाँच्या बाजूची होते, आणि तरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

शेवटचा पॉइंट झाल्यावर ब्वासाँ मातीवर पाठीवर पडली. उठली तेव्हा पाठ, दंड, केस सगळं विटकरी झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी उपांत्य फेरी. गॉफनं ६-१, ६-२ असं हरवलं आणि पुढे स्पर्धाही जिंकली. त्या दिवशी ब्वासाँचे पाय चालत नव्हते, हे पहिल्या चार गेममध्येच दिसलं. एवढ्या लागोपाठच्या सामन्यांची तिच्या अंगाला सवयच नव्हती. पण खुल्या युगात, म्हणजे १९६८ पासून, फ्रेंच ओपनच्या महिला एकेरीत वाइल्ड कार्डवर आलेली कुणीही तोवर उपांत्य फेरीत पोचली नव्हती. २०११ च्या मारियाँ बार्तोलीनंतर तिथे पोचलेली पहिली फ्रेंच स्त्री. आणि ग्रँड स्लॅमच्या पहिल्याच मुख्य ड्रॉमध्ये उपांत्य फेरी गाठणारी, सेलेस आणि कॅप्रिआतीनंतरची पहिली. सोमवारी क्रमवारी लागली तेव्हा ३६१ ची ६५ झाली होती.

बक्षीस ६,९०,००० युरो. त्याआधीच्या सगळ्या कारकिर्दीची बक्षिसाची मिळकत दीड लाख डॉलरच्या आत. हा आकडा वाचला तेव्हा मी आनंदले आणि मग बराच वेळ अस्वस्थ झाले. याच स्पर्धेत मुख्य ड्रॉमध्ये नुसतं उतरून पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला त्या वर्षी ७८,००० युरो मिळाले. कोच, फिजिओ, प्रवास यांचा एका वर्षाचा खर्च त्यातून बऱ्यापैकी निघू शकतो. म्हणजे खरा उंबरठा पहिल्या फेरीचाच. १२८ जणींच्या त्या यादीत नाव असणं आणि नसणं यात अख्खी कारकीर्द सामावलेली आहे. ३६१ व्या क्रमांकावर मुख्य ड्रॉ सोडाच, पात्रता फेरीतही क्रमवारीच्या बळावर जागा मिळत नाही. ब्वासाँला ती मिळाली, कारण ती फ्रेंच आहे आणि स्पर्धा फ्रान्सची आहे. ग्रँड स्लॅम चारच देशांत होतात आणि वाइल्ड कार्डं बहुतेक त्या त्या देशाच्या मुलींना जातात. यात ब्वासाँचा काही दोष नाही, मिळालेल्या दाराचं तिनं सोनं केलं. पण ३६० वी आणि ३६२ वी कोण होती? त्यांच्या देशात ग्रँड स्लॅम होतं का? त्यांच्या अंगात उपांत्य फेरी होती की नव्हती, हे कळायची सोयच नाही. मला हा विचार सोडवत नाही.

पॅरिसनंतर तीन आठवडेही झाले नव्हते आणि ती विम्बल्डनची पात्रता फेरी खेळत होती. पुष्कळांना हे चुकीचं छापल्यासारखं वाटलं. पण मुख्य ड्रॉच्या प्रवेशाच्या याद्या स्पर्धेच्या सहा आठवडे आधी बंद होतात, तेव्हा ती त्या यादीपासून फार खाली होती. मुख्य ड्रॉचं वाइल्ड कार्ड मिळालं नाही. पात्रता फेरी मुख्य मैदानावर होतही नाही, रोहॅम्पटनला होते. तिथे शात्रिएसारखी गर्दी नाही, छत नाही, नावाचा गजर नाही. पायाखाली गवत, जिथे तिचा उंच उसळणारा चेंडू उसळतच नाही. पहिल्याच सामन्यात कॅनडाच्या कार्सन ब्रॅनस्टाइनकडून ती तीन सेटमध्ये हरली. बातम्यांनी पुन्हा आपले शब्द काढले. परीकथा संपली वगैरे.

मला त्या सामन्याबद्दल फार जिव्हाळा वाटतो. ज्या मुलीसाठी वीस दिवसांपूर्वी अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं, ती एका बाजूच्या कोर्टवर, अनोळखी पृष्ठभागावर, पहिला सेट गमावल्यावर दुसरा टायब्रेकरला नेऊन जिंकते आणि तिसरा ४-६ असा हरते. सोडून दिलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. तिनं सोडलं नाही. आणि पलीकडची ब्रॅनस्टाइन? तीही तोवर एकही ग्रँड स्लॅम मुख्य ड्रॉ न खेळलेली, क्रमवारीत दोनशेच्या आसपासची. तिच्यासाठी तो आयुष्यातला मोठा आठवडा होता. पात्रता पार करून ती मुख्य स्पर्धेत गेली आणि पहिल्याच फेरीत तिला अव्वल क्रमांकाची आर्यना सबालेंका मिळाली. परीकथा एकीची संपली म्हणताना त्याच कोर्टवर जाळीच्या पलीकडे दुसरीची सुरू झालेली असते, तिच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही.

जुलैत ब्वासाँ मातीवर परतली आणि हॅम्बुर्गची डब्ल्यूटीए २५० स्पर्धा जिंकली. अंतिम सामना आना बोंदारविरुद्ध, ७-५, ६-३. पहिलं डब्ल्यूटीए जेतेपद. जूनमधल्या गोंगाटाच्या तुलनेत त्याची बातमी दोन परिच्छेदांची होती. माझ्या लेखी मात्र हॅम्बुर्ग पॅरिसपेक्षा जड आहे. तिथे ना वाइल्ड कार्डची दया, ना घरची गर्दी. स्वतःच्या क्रमवारीवर दाखल झाली, सामने जिंकली, करंडक घेतला. मग अमेरिकन ओपनला पहिल्याच फेरीत हार. शरद ऋतूत मांडीच्या दुखापतीनं पुन्हा थांबवलं.

मांडी. ती बातमी मी रात्री अंथरुणात वाचली आणि उठून बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी परत येतो, हे मी माझ्या पायावर पाहिलंय. तिच्या दुखापतीचा याच्याशी संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. एवढंच की, चाळीसच्या आत-बाहेर पोचलेली खेळाडूही एका सकाळी पुन्हा पलंगावर पाय सरळ करून बसलेली असते. कुणीतरी हात खाली सरकवतं. "दाबा."

फिजिओ मुलीचं आणि माझं अजून अधूनमधून बोलणं होतं. मी तिला ब्वासाँचं सगळं सांगितलं, सामने, गुण, ७८० भागिले १५. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, परत खेळायला लागली तेव्हा किती महिने झाले होते तिला?" मी म्हटलं, साधारण नऊ. "बरोबर केलं," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं ब्वासाँची सगळ्यात मोठी कामगिरी तीच होती. मी तिच्याशी वाद घातला नाही.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. दर सोमवारी नवी क्रमवारी लागली की मी वरची नावं सोडून देते आणि थेट खाली जाते, ३६१ पर्यंत. तिथे दर आठवड्याला वेगळं नाव असतं. वय बघते, देश बघते, मग ती मुलगी या आठवड्यात कुठे खेळतेय ते शोधते. या सोमवारची एकोणीस वर्षांची आहे. डब्ल्यू ३५, दुसरी फेरी, बाजूचं कोर्ट. चित्र नाही, नुसता स्कोअर येतोय. ६-४, ३-६, २-१. सर्व्हिस तिची आहे.